एका डोळ्याचा छायाचित्रकार : एरिक हॉस्किंग

पक्ष्यांचे छायाचित्रण म्हटले की हल्ली पहिला प्रश्न विचारला जातो तो भिंगाचा. कॅमेरा कोणत्या कंपनीचा, टेलिफोटो भिंग किती मिलिमीटरचे, चारशेचे पुरेल की सहाशेचेच हवे, यावर मित्रमंडळींत तासन् तास वाद रंगतात. हिवाळ्यात भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा नावेनावेतून हातभर लांबीची भिंगे त्यांच्यावर रोखलेली असतात. सहाशे मिलिमीटरच्या उत्तम प्रतीच्या भिंगाची किंमत आज दहा लाखांच्या पुढे गेली आहे. एवढ्या पैशांत आमच्या गावाकडे विहीर होते, पाइपलाइन होते आणि वर एखादा जुना ट्रॅक्टरही दारात येतो. मग ज्याच्याजवळ हे भिंग नाही त्याने पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचे स्वप्न पाहूच नये काय?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचे उत्तर शोधताना मला एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचे आयुष्य भेटले. ज्यांनी पक्षिछायाचित्रण हाच पोटापाण्याचा व्यवसाय केला, अशा जगातल्या अगदी पहिल्या माणसांपैकी ते एक. पण त्यांची थोरवी एवढ्यापुरती नाही. ज्या पक्ष्यांवर त्यांनी जीव लावला, त्यांतल्याच एका पक्ष्याने त्यांचा एक डोळा नेला, आणि उरलेल्या एका डोळ्याने या माणसाने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ पक्षीच पाहिले.

एरिकचा जन्म २ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील हिशेबनीस होते. घर सुखवस्तू म्हणावे असे नव्हते, पण खाऊनपिऊन ठीक होते. पोर प्रकृतीने तोळामासा; शाळेतही त्याने काही दिवे लावले नाहीत. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला एक कोडॅकचा बॉक्स ब्राउनी कॅमेरा मिळाला. ब्राउनी म्हणजे अक्षरशः एक खोके. पुढे साधे भिंग, मागे फिल्म, आणि बाजूला एक खटका. त्यात अंतर जुळवण्याची सोय नाही की वेग बदलण्याची नाही. या खोक्याने पक्ष्याचे छायाचित्र काढायचे तर त्यात पक्षी टाचणीच्या डोक्याएवढा दिसणार. पण हाच कॅमेरा घेऊन एरिक पक्ष्यांच्या मागे फिरू लागला. छंदाला साधनांची श्रीमंती लागत नाही, एवढा बोध येथेच मिळतो.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि एरिक मोटारींच्या धंद्यात उमेदवारीला लागला. दिवसभर तेलाने हात काळे करायचे आणि सुटीच्या दिवशी रानात जायचे, असा क्रम काही वर्षे चालला. १९२९ च्या सुमारास ही नोकरीही गेली. तो काळ मंदीचा होता. विशीतल्या बेकार तरुणाने दुसरी नोकरी शोधावी हाच व्यवहार. पण त्याच वेळी एका रविवारच्या वृत्तपत्राला लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्ती-सील नावाच्या प्रचंड जलचराचे छायाचित्र हवे होते, आणि ते काम एरिककडे चालून आले. छायाचित्र छापून आले, पैसेही मिळाले. कॅमेऱ्यावर पोट भरता येते हे त्या तरुणाला कळले आणि त्याने दुसरी नोकरी शोधण्याचे सोडूनच दिले.

हा निर्णय वाचायला सोपा वाटतो. पण पक्ष्यांच्या छायाचित्रांना तेव्हा बाजार तो कितीसा असणार? वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पक्षी घरटी करतात, तेवढे महिने कामाचे. उरलेल्या वर्षात लग्नाची आणि लहान मुलांची छायाचित्रे काढावीत, गावोगावी पारदर्शिका दाखवून व्याख्याने द्यावीत, आणि ती कमाई पुढच्या वसंतात रानात घालवावी, असे त्यांचे चालले होते.

या काळात त्यांच्याजवळ होता तो सँडरसन जातीचा फील्ड कॅमेरा. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँडरसन नावाच्या एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कॅमेऱ्याची रचना केली. लाकडी पेटी, पितळी पट्ट्या, मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखा चामड्याचा भाता. मागच्या बाजूला घासलेली काच. डोक्यावर काळे कापड ओढून घेतले की त्या काचेवर चित्र दिसे, तेही उलटे. चित्र नीट जुळवले की काच बाजूला सारायची, तिच्या जागी रसायन लावलेली काचेची पट्टी बसवायची, खटका दाबायचा. एका पट्टीवर एकच छायाचित्र. दुसरे हवे तर पट्टी बदला, आणि तोवर पक्षी तेथे राहील अशी आशा करा. आज एका सेकंदात वीस-वीस छायाचित्रे टिपणारे कॅमेरे हाती असलेल्या आपल्या पिढीला याची कल्पना येणेसुद्धा कठीण आहे.

मग तेव्हा लांब पल्ल्याची भिंगे नव्हती काय? होती. टेलिफोटो भिंगाचा शोध १८९१ मध्येच लागला होता, इंग्लंडमध्ये टी. आर. डॉलमेयर आणि जर्मनीत इतर दोघे, असे ते जवळजवळ एकाच वेळी सिद्ध झाले. पुढे बहिर्गोल भिंगांचा गट आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट अशी त्याची रचना असते. त्यामुळे भिंगाची नळी त्याच्या नाभीय अंतरापेक्षा आखूड ठेवता येते आणि दूरची वस्तू मोठी दिसते. हा हिशेब समजायला फार गणित लागत नाही. चिमणी साधारण पंधरा सेंटिमीटर लांब असते. ती दहा मीटरवर बसली असेल तर पन्नास मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगातून तिची प्रतिमा एक मिलिमीटरही भरत नाही. तेथेच चारशेचे भिंग लावले तर प्रतिमा आठपट, म्हणजे सहा मिलिमीटरची होते. तेच काम पन्नासच्या भिंगाने करायचे तर चिमणीपासून सव्वा मीटरवर जाऊन बसावे लागेल.

परंतु लांब भिंगाची किंमत केवळ पैशात मोजायची नसते. त्याची नळी लांबली की प्रकाश कमी येतो. प्रकाश पुरेसा हवा तर पुढची काच मोठी करावी लागते. सहाशे मिलिमीटरचे एफ-चारचे भिंग घेतले तर त्याच्या तोंडाचा व्यास पंधरा सेंटिमीटर भरतो, आणि वजन आजच्या हलक्या धातूंच्या जमान्यातही तीन किलोच्या आसपास जाते. शिवाय प्रतिमा जितकी मोठी, तितका हाताचा कंपही मोठा. १९३० च्या सुमाराच्या काचपट्ट्या आजच्या मानाने फार मंद होत्या. अशा पट्टीवर कमी प्रकाशाच्या लांब भिंगाने हलता पक्षी टिपणे म्हणजे धुके टिपणेच. म्हणून हॉस्किंग यांच्यापुढे एकच मार्ग उरला. भिंग लांब होत नसेल तर माणसाने जवळ जायचे.

जवळ जाण्याची त्यांची रीत वाचली की आपण थक्क होतो. घरट्यापासून बऱ्याच अंतरावर कापडाची एक लपण उभारायची. दुसऱ्या दिवशी ती थोडी पुढे सरकवायची, तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. पक्षी बुजतो आहे असे दिसले की तेथेच थांबायचे. असे करत काही दिवसांनी लपण घरट्यापासून थोड्याशा फुटांवर येई. घरटे उंच झाडावर असेल तर बांबू-वाशांचा मनोरा बांधून त्यावर लपण चढवायची. मग आत जाताना बरोबर एक सोबती न्यायचा. हॉस्किंग आत बसले की सोबत्याने सगळ्यांदेखत परत जायचे. पक्ष्याला आकडे मोजता येत नाहीत. आलेला माणूस गेला असे समजून तो निर्धास्त होतो आणि पिलांकडे परततो. या युक्तीवर त्यांची शेकडो छायाचित्रे उभी आहेत. पण युक्ती सांगायला एक ओळ पुरते, लपणीत अवघडून तासन् तास बसायला मात्र माणूसच लागतो.

१९३७ च्या मे महिन्यात हॉस्किंग वेल्समधील डोलडाउलॉड या गावी गेले होते. तेथे टॉनी आउल जातीच्या तपकिरी घुबडांच्या जोडीचे घरटे होते आणि समोर मनोऱ्यावर लपण बांधून तयार होती. १२ मेच्या रात्री अंधारात ते लपणीकडे वर चढत होते. घुबडाच्या पंखांच्या कडा फणीसारख्या दातेरी असतात, म्हणून उडताना त्याचा आवाज होत नाही. काही दिसले नाही, काही ऐकू आले नाही. मादीने झडप घातली आणि तिची नखी सरळ त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसली.

त्यांना लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयात नेण्यात आले. जखमेत विष भिनू लागले. पेनिसिलीन औषध म्हणून हाती यायला अजून काही वर्षे लागणार होती. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. जखमी डोळा काढून टाकावा, किंवा तो राखण्याच्या नादात दुसऱ्याही डोळ्याला धोका पत्करावा. सत्तावीस वर्षांच्या, ज्याचे सारे आयुष्यच डोळ्यांवर उभे आहे अशा माणसाला हे ठरवायचे होते. त्यांनी डोळा काढू दिला.

येथे एखाद्याची कहाणी संपली असती. कॅमेऱ्यात पाहायला एक डोळा पुरतो हे खरे, पण अंतर जोखायला दोन लागतात. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहावा, म्हणजे याची प्रचीती येते. हॉस्किंग यांना चढणे, उतरणे, मोटार चालवणे, सगळे नव्याने शिकावे लागले. आणि बरे झाल्यावर त्यांनी काय केले? ते पुन्हा घुबडांकडेच गेले. घुबडाच्या घरट्याजवळ जाताना ते तलवारबाजीच्या खेळात घालतात तसा जाळीचा मुखवटा चढवू लागले, एवढाच काय तो फरक. नियतीचा खेळ असा, की या अपघाताच्या बातम्या वृत्तपत्रांनी छापल्या आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले. ज्या घुबडाने डोळा नेला, त्यानेच एका अर्थी त्यांना कीर्ती दिली.

त्या घुबडावर त्यांनी राग धरल्याचे कोठे दिसत नाही. मला हे फार मोलाचे वाटते. पिलांच्या घरट्याजवळ रात्री कोणी चढून येत असेल तर आई काय करणार? आपल्या गोठ्यातली व्यालेली गायसुद्धा परक्याला वासराजवळ येऊ देत नाही. पुढे १९८२ मध्ये हॉस्किंग यांनी केवळ घुबडांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. एवढे प्रेम त्यांना त्या पक्ष्यांविषयी शेवटपर्यंत होते.

रात्रीच्या पक्ष्यांनी त्यांना आणखी एका शोधाकडे नेले. १९३० नंतरच्या काळात त्यांनी फ्लॅशचे काचगोळे वापरून रात्री पक्षी टिपायला सुरुवात केली. पण काचगोळ्याचा उजेड सावकाश फुलतो. तेवढ्या वेळात उडत्या पक्ष्याचे पंख पुसट होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेवर चालणारा वेगवान फ्लॅश आला. विद्युत्धारकात साठवलेली वीज वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडली, की सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढा लखलखाट होतो. ही उपकरणे तेव्हा भयंकर जड होती. हॉस्किंग यांनी ती रानात वाहून नेली. त्यातूनच १९४८ मध्ये त्यांचे सर्वांत गाजलेले छायाचित्र निघाले. गव्हाणी घुबड समोरून उडत येते आहे, दोन्ही पंख सारखे पसरलेले, चोचीत उंदरासारखा लहान प्राणी. जुन्या सरदार घराण्याच्या ढालीवर कोरलेले राजचिन्ह वाटावे, असा त्याचा डौल आहे. पंखांची एकेक रेघ त्यात स्पष्ट आहे. हे चित्र एका डोळ्याच्या माणसाने काढले हे कळल्यावर ते आपण पुन्हा एकदा पाहतो.

पुढचे आयुष्य कर्तृत्वाचे आहे. सिरिल न्यूबेरी यांच्यासह त्यांनी १९४० पासून पक्ष्यांवरची अनेक पुस्तके काढली. त्यांतच १९४४ चे पक्षिछायाचित्रणाच्या कलेवरील पुस्तक आहे. १९४५ मध्ये सुरू झालेल्या कॉलिन्स प्रकाशनाच्या न्यू नॅचरलिस्ट या ग्रंथमालेचे छायाचित्र-संपादक तेच होते. ज्युलियन हक्सले यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ त्याच संपादक मंडळात होता. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेला मुलगा विद्वानांच्या पंक्तीत बसला, तो हातातल्या कामाच्या जोरावर. गाय माउंटफर्ट यांनी काढलेल्या मोहिमांत ते स्पेनच्या कोतो दोन्याना या दलदलीच्या प्रदेशात, बल्गेरियात, हंगेरीत, जॉर्डनच्या वाळवंटात आणि १९६६ मध्ये पाकिस्तानात गेले. १९७० मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ओबीई हा किताब दिला.

या प्रवासांच्या काळातच त्यांचा कॅमेराही बदलला. काचपट्ट्यांचा जड संसार मागे पडला आणि पस्तीस मिलिमीटर फिल्मचे एसएलआर कॅमेरे आले. यात आरशामुळे भिंगातून जे दिसते तेच डोळ्याला दिसते, आणि तेही सुलटे. त्यांनी झाइस इकॉनचा कॉन्टॅरेक्स वापरला आणि उतारवयात ऑलिंपसचे हलके ओएम कॅमेरे पसंत केले. या कॅमेऱ्यांना लांब टेलिफोटो भिंगे सहज जोडता येत होती. फिल्मही आता वेगवान झाली होती. जे पूर्वी लपणीशिवाय अशक्य होते ते आता मोटारीच्या खिडकीतून किंवा तिपाईवरून शक्य झाले. वर्षानुवर्षे लाकडी कॅमेऱ्यावर काम केलेल्या माणसाने नव्या साधनांना नाके मुरडली नाहीत. जे साधन पक्ष्याचे अधिक खरे रूप दाखवील ते त्यांनी घेतले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हॉस्किंग यांच्या आयुष्यावरून कोणी म्हणेल, की लांब भिंगाची गरजच नाही, धीर असला की पुरे. मला हा निष्कर्ष अर्धवट वाटतो. त्यांची जवळ जाण्याची रीत कितीही काळजीची असली तरी ती मुख्यतः घरट्यावर अवलंबून होती, आणि घरटे हीच पक्ष्याच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक जागा. माणसाच्या वावराने आई घरटे सोडून गेली, किंवा ती दूर असताना कावळ्याने अंडी पळवली, तर छायाचित्राची किंमत पिले देतात. हॉस्किंग यांच्यासारखे सावध लोक थोडे. आज कॅमेरे लाखो हातांत आहेत. त्या सर्वांनी घरट्यापासून चार फुटांवर लपणी ठोकल्या तर काय होईल याचा विचारही नको. म्हणूनच आज अनेक स्पर्धा घरट्यावरची छायाचित्रे स्वीकारतच नाहीत, आणि हे योग्यच आहे.

यावरून मला लांब भिंगाचा खरा अर्थ कळला असे वाटते. पक्षी मोठा दिसावा एवढ्याचसाठी ते नाही. आपण लांब राहावे यासाठी ते आहे. चारशेच्या भिंगाने जेवढे अंतर मिळते तेवढे पक्ष्याला देऊन टाकायचे असते. पण पुष्कळदा उलटेच घडते. सहाशेचे भिंग हाती असूनही नाव आणखी पुढे घ्या असा नावाड्याला आग्रह होतो, थवा उठतो, आणि उडत्या थव्याचे चित्र मिळाल्याचा आनंद मानला जातो. दमून आलेल्या पाहुण्याला पानावरून उठवण्यातलाच हा प्रकार. अशा माणसाने दहा लाखांचे भिंग घेतले काय आणि पन्नास लाखांचे घेतले काय!

तेव्हा कोणी मला भिंगाविषयी विचारले तर मी हॉस्किंग यांच्या आयुष्याच्या क्रमानेच उत्तर देईन. आधी पक्षी ओळखा. तो केव्हा येतो, कोठे बसतो, कशाला भितो हे वहीत लिहा. त्याला वही आणि पेन्सिल पुरते. मग जो कॅमेरा मिळेल तो घ्या, जुना असला तरी चालेल. भिंगाआधी भक्कम तिपाईला पैसे घाला, कारण कंप पावलेले सहाशेचे चित्र स्थिर तीनशेच्या चित्रापुढे फिके पडते. भिंग घेताना केवळ लांबी पाहू नका. ते दिवसभर खांद्यावरून वाहता येईल काय, आणि सकाळच्या अंधूक उजेडात चालेल काय, हे पाहा. आणि लांब भिंग जेव्हा केव्हा परवडेल, तेव्हा त्याने मिळालेले अंतर पक्ष्याकडून परत मागू नका.

एरिक हॉस्किंग २२ फेब्रुवारी १९९१ रोजी वारले. आमच्यापैकी कोणी तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांची लाकडी सँडरसन, काचपट्ट्या, काचगोळे, सारे आता इतिहासजमा झाले आहे. आपल्या हातातली आजची भिंगेही पन्नास वर्षांनी अशीच जुनी ठरतील. १९४८ च्या त्या रात्रीचे गव्हाणी घुबड मात्र पंख पसरून अजून तसेच समोर येते आहे. ज्याच्याजवळ दोन्ही डोळे शाबूत आहेत, त्याला तरी साधनांअभावी काही पाहता आले नाही अशी तक्रार करण्याचा अधिकार फारसा उरत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)